नाव तहसिलीत, रक्कम कोषागारात: विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा कोषागार अधिकारी आणि मा. अग्रणी जिल्हा प्रबंधक,
नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम.

विषय: कोषागार, न्यायालय, बँक व पोस्टात पडून असलेल्या रकमांची गाववार यादी दरवर्षी ३१ मार्चपूर्वी चावडीवर लावण्याबाबत.

महोदय, महोदया,

मार्च उजाडला की सगळी कार्यालये अनुदान खर्ची घालण्याच्या मागे लागतात. बिले, मंजुऱ्या, रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली कोषागारे, हे आपण दरवर्षी पाहता. त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी एक नोंद होते आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शासनाकडे ठेव म्हणून जमा असलेली आणि तीन पूर्ण लेखावर्षे कुणी मागायला न आलेली रक्कम व्यपगत होते. म्हणजे ठेवींच्या खात्यातून निघून शासनाच्या जमेत जाते. समजा, जुलै २०२२ मध्ये कुणी लिलावाची अनामत भरली. ते वर्ष सोडून २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ ही तीन वर्षे पूर्ण झाली की ३१ मार्च २०२६ ला ती ठेव व्यपगत झाली. ज्याचे पैसे त्याला याचा पत्ताही नसतो.

बँकेतली ठेव दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि त्याबद्दल आता थोडीफार जागृती झाली आहे. सगळ्यांत कमी मुदत मात्र शासनाच्या स्वतःच्या तिजोरीतल्या ठेवीला आहे आणि तिच्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र आधी कोषागारापासून सुरू करतो.

या ठेवी लेखाशीर्ष (शासनाच्या हिशेबातले खाते) ८४४३, नागरी ठेवी, याखाली असतात. त्यात १०१ खाली महसुली ठेवी, १०४ खाली दिवाणी न्यायालयाच्या, १०५ खाली फौजदारी न्यायालयाच्या, १०८ खाली सार्वजनिक बांधकामाच्या आणि १२१ खाली निवडणुकीच्या ठेवी. आकड्यांची ही भाषा बाजूला ठेवली तर आत माणसे दिसतात: रेतीघाटाच्या किंवा जप्त मालाच्या लिलावात बोली न लागलेला शेतकरी, जामिनासाठी रोख भरलेला मजूर, रस्त्याच्या कामाची सुरक्षा अनामत परत न घेतलेली मजूर सहकारी संस्था, निवडणुकीत अनामत वाचली पण ती परत मागायची असते हे माहीत नसलेला उमेदवार. एकेकाची रक्कम लहान असेल, पण हंगामाच्या तोंडावर बियाण्याची एक बॅग त्यातून येते.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. कोषागाराच्या ठेव नोंदवहीत जमेचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि जमा करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम असते. कुणाचे पैसे, कोणत्या प्रकरणातले, गाव कोणते, वारस कोण, हे तहसील किंवा उपविभागीय कार्यालयाच्या फायलीत असते. माणूस कोषागारात गेला की त्याला सांगितले जाते, तहसीलदारांचा परतावा आदेश आणा. तहसिलीत गेला की ऐकायला मिळते, कोषागारातून जमेची पडताळणी आणा. दोघेही नियमाने बरोबर असतात. नाव एका ठिकाणी आणि रक्कम दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींची गाठ घालण्याचे काम कागद वाचता न येणाऱ्या माणसावर पडते.

या कामाचा खरा क्रम असा आहे. पहिल्यांदा पैसे भरल्याच्या चलनाची प्रत. ऑनलाइन भरलेले असेल तर चलनावर एमएच या अक्षरांनी सुरू होणारा जीआरएन, म्हणजे शासकीय पावती क्रमांक, असतो आणि ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीत त्यावरून नोंद निघते. हाताने लिहिलेले जुने चलन असेल तर चलन क्रमांक, तारीख आणि कोणत्या उपकोषागारात किंवा बँक शाखेत भरले, या तिन्ही गोष्टी लागतात. एक जरी चुकली तरी नोंदवही चाळत बसावे लागते. मग ज्याच्या आदेशाने पैसे भरले त्या कार्यालयाकडे अर्ज, सोबत ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचे पहिले पान. ते कार्यालय प्रकरण बंद झाल्याची खात्री करून परतावा आदेश काढते, देयक कोषागारात जाते, कोषागार आपल्या नोंदवहीत त्या क्रमांकासमोर आधी परतावा झालेला नाही ना हे पाहते आणि रक्कम खात्यात वर्ग होते. चलन हरवले असेल तर कोषागाराकडून जमा प्रमाणपत्र मागता येते. ते मागता येते हेच बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून चलन गहाळ झाले की माणूस पैशावर पाणी सोडतो.

ठेव एकदा व्यपगत झाली तरी हक्क जात नाही. मात्र वाट लांबते. मूळ जमा खरेच झाली होती, ती व्यपगत म्हणून शासनाच्या खाती गेली आणि मागणारा तोच हक्कदार आहे, हे अभिलेखांवरून पुन्हा पडताळल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. ३१ मार्चच्या आधी जे काम तालुक्याच्या गावी झाले असते, तेच एप्रिलमध्ये वरच्या कार्यालयांत अडकते. शिवाय या ठेवीवर व्याज नाही. उशीर झाला तर नुकसान फक्त ठेवीदाराचेच.

म्हणून पहिली विनंती. दरवर्षी डिसेंबरअखेर जिल्हा कोषागाराने, येत्या मार्चमध्ये व्यपगत होणाऱ्या ठेवींची यादी काढावी. ती संबंधित कार्यालयांना पाठवावी. त्या कार्यालयांनी आपल्या फायलींतून प्रत्येक नोंदीसमोर नाव आणि गाव भरून जानेवारीअखेर परत करावी. फेब्रुवारीत ती गाववार फोडून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि चावडीवर लागावी, कोतवालाने दवंडी द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ प्रमाणे स्वतःहून माहिती प्रसिद्ध करणे हे कार्यालयांचे कर्तव्यच आहे. तीच यादी कुणी दहा रुपयांचा अर्ज करून मागितली तर तीस दिवसांत द्यावी लागते. मग ती मागण्याची वेळ का यावी?

भूसंपादनाच्या मोबदल्याचे थोडे सविस्तर लिहितो, कारण विदर्भात सगळ्यांत मोठ्या रकमा इथे अडकतात. गोसीखुर्द, बेंबळा, निम्न वर्धा ही धरणे, शिवाय रस्ते आणि कोळसा खाणी. १८९४ च्या जुन्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे कुणी मोबदला घ्यायला नकार दिला, हिश्श्याचा वाद असला किंवा घेणारी सक्षम व्यक्ती नसली, तर ती रक्कम न्यायालयात जमा होत असे. २०१३ च्या कायद्यात कलम ७७ प्रमाणे ती भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते. कायद्याच्या दृष्टीने अधिकारी मोकळा झाला. घरात मात्र असे होते की सातबाऱ्यावर सहा नावे, त्यातल्या पाच जणांची संमती आली, सहावी बहीण लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली, तिची सही नाही, म्हणून सहाही जणांचे पैसे जमा. काही वर्षांनी त्या पाचांतले दोघे वारतात आणि वारसांची संख्या चौदावर जाते. जितका उशीर, तितक्या सह्या वाढतात.

वाद जेवढ्या हिश्श्याचा, तेवढीच रक्कम जमा करावी आणि बाकीच्यांचे हिस्से निवाड्यानंतर, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशानंतर, लगेच वाटावेत. हिस्से सातबाऱ्यावर स्पष्ट असतील तर त्याला अडचण नाही. स्पष्ट नसतील तर आधी पटवाऱ्याकडे वारस फेरफार करून घेण्याची सूचना निवाड्याच्या नोटिशीतच द्यावी. त्या फेरफाराला हरकतीचे पंधरा दिवस धरूनही तो काम अडण्याआधी होऊ शकतो. (पटवाऱ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण नोटीस वाचणाऱ्याला पटवारीच कळतो. सूचना त्याच शब्दात असावी.)

पुनर्वसित गावांची अडचण वेगळीच आहे. निवाड्यात गावाचे नाव बुडालेल्या गावाचे. माणूस राहतो नव्या गावठाणात, नाहीतर कामासाठी नागपूर, सुरतेला. न्यायालयाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ‘पत्ता मिळत नाही’ असा शेरा घेऊन परत येते. अशा प्रकल्पांच्या याद्या जुन्या आणि नव्या, दोन्ही गावांच्या नावाने लावल्या पाहिजेत. पुनर्वसन शाखेकडे कोणत्या बुडीत गावाचे कुटुंब कोणत्या गावठाणात गेले याची नोंद असते. ती नोंद आणि न्यायालयातल्या ठेवींची यादी एकत्र ठेवली की निम्मे काम तिथेच होईल.

न्यायालयात जमा रकमेबद्दल आणखी एक गोष्ट. ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत गुंतवण्याचा आदेश झाला असेल तरच तिच्यावर व्याज चढते. असा अर्ज कुणी केलाच नाही तर ती तशीच पडून राहते. म्हणून हिश्श्याचा वाद लांबणार असेल तर वकिलाला पहिल्या तारखेलाच गुंतवणुकीचा अर्ज द्यायला सांगावे. तालुका विधी सेवा समितीकडून हा वकील मोफत मिळू शकतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आणि कामगार न्यायालयांत जमा होऊन पडलेल्या भरपाईबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये निर्देश दिले आहेत. दावेदाराच्या बँक खात्याचा तपशील सुरुवातीलाच घ्यावा आणि न घेतलेल्या रकमांची माहिती लोकांपुढे ठेवावी, असा त्यांचा रोख आहे. न्यायालयांना जे सांगितले गेले, ते महसूल आणि कोषागाराने आपणहून करायला हरकत काय?

आता निवृत्तिवेतन. विदर्भातल्या शासकीय कर्मचाऱ्यांचे पेन्शन प्रदान आदेश नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निघतात, रक्कम जिल्हा कोषागार देते आणि हयातीच्या यादीवर सही होते बँकेत. ही झाली तीन ठिकाणे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे किंवा कर्मचाऱ्याचे पेन्शन मात्र जिल्हा परिषद आणि पंचायत समितीकडून चालते. तिथली विधवा कोषागाराच्या खिडकीशी दिवस घालवते आणि शेवटी तिला सांगतात, बाई, तुमचे इथे नाही. कोषागाराच्या दाराशी मोठ्या अक्षरांत एवढे लिहिले तरी अनेकींचे भाडे वाचेल.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला नाही की पुढचे पेन्शन थांबते. थांबलेले पेन्शन बुडत नाही. दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होते. पण हे न कळल्याने काही वृद्ध गप्प बसून राहतात. जीवन प्रमाण या ऑनलाइन दाखल्याची सोय आहे, मात्र आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बोटांचे ठसे यंत्राला जुळत नाहीत. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा पर्याय वापरावा. ऑनलाइन भरताना पेन्शन मंजूर करणारे आणि प्रत्यक्ष देणारे कार्यालय नीट निवडावे लागते. ते चुकले तर दाखला तयार होतो पण दुसऱ्याच कार्यालयाकडे जातो आणि डिसेंबरमध्ये पैसे येत नाहीत. दाखला दिल्यावर महिनाभराने तो स्वीकारला गेला का, हे तपासून घ्यावे.

पेन्शनर किंवा नोकरीतला कर्मचारी वारल्यावर घरच्यांकडून तीन रकमा हमखास राहून जातात. पहिली, मृत्यूच्या तारखेपर्यंतची जीवनकालीन थकबाकी. दुसरी, कुटुंब निवृत्तिवेतन. पत्नीचे नाव आदेशात आधीच असेल तर मृत्यूचा दाखला, आदेशाची प्रत, ओळखपत्र आणि खात्याचा तपशील दिल्यावर कोषागारातच ते सुरू होते. अविवाहित किंवा दिव्यांग मुलीचा हक्क असेल तर अर्ज शेवटच्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे जातो आणि त्याला वेळ लागतो. तिसरी रक्कम नोकरीत असताना वारलेल्यांची: १९८२ च्या राज्य शासकीय कर्मचारी गट विमा योजनेचा बचत निधी आणि विमा, शिवाय भविष्य निर्वाह निधीची शिल्लक. गट विम्याचे देयक शेवटच्या कार्यालयाचा आहरण अधिकारी (कोषागारातून पैसे काढणारा अधिकारी) काढतो आणि वर्गणीच्या नोंदी सेवापुस्तकात असतात. सेवापुस्तक अर्धवट असेल तर बदल्या झालेल्या प्रत्येक कार्यालयातून नोंद आणावी लागते. हे काम विधवेने नव्हे, कार्यालयाने करायचे असते, हे आपल्या आस्थापना शाखांना एकदा लेखी सांगावे.

याला जोडून, वय ८० पूर्ण झाल्यावर वाढीव पेन्शन मिळते. जुन्या कुटुंब निवृत्तिवेतनधारक स्त्रियांची जन्मतारीख आदेशात नसतेच. ती नसल्यामुळे संगणक त्यांचे वय मोजत नाही. कोषागाराने आपल्याकडच्या अशा नोंदी काढून त्या स्त्रियांकडून वयाचा पुरावा मागवला, तर त्यांना वाढीव रक्कम मागायला यावेच लागणार नाही.

बँकांकडे वळतो. जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी प्रबंधक साहेबांनी पुढचा भाग कृपया नीट वाचावा.

खात्यात दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होते. दहा वर्षे झाली की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ पासून आहे. निधीत गेलेले पैसे शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ पोर्टल आले आणि मार्च २०२४ पर्यंत ३० बँका त्यावर होत्या. शोध फुकट आहे. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, खातेदाराचे नाव टाकायचे, बँका निवडायच्या आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र क्रमांक किंवा जन्मतारीख यांपैकी एक गोष्ट द्यायची. नोंद सापडली की एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि तो घेऊन शाखेत जायचे. पैसे पोर्टलवरून मिळत नाहीत, शाखाच देते आणि नंतर निधीतून आपली भरपाई मागते. त्यामुळे ‘तुमचे पैसे आता आमच्याकडे नाहीत, मुंबईला गेले’ असे शाखेत कुणी म्हणाले तर ते उत्तर चुकीचे आहे.

एक गैरसमज इथेच दूर करावा. उद्गमवर फक्त निधीत गेलेल्या, म्हणजे दहा वर्षे उलटलेल्या ठेवी दिसतात. चार वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचे खाते तिथे दिसणार नाही. त्यासाठी शाखेतच जावे लागते. पोर्टलवर काही निघाले नाही म्हणून लोक शोध सोडतात आणि खरे खाते गावापासून आठ किलोमीटरवरच्या शाखेत असते.

शोधात सगळ्यांत जास्त अडते ते नावाशी. वानखडे हे आडनाव घ्या. इंग्रजी अक्षरांत कुणी डब्ल्यूने सुरू करतो, कुणी व्हीने. ‘ख’नंतर कुठे ए येतो, कुठे ई. ठाकरे, उईके, मडावी यांची तीच गत. शाखेतल्या ज्या कर्मचाऱ्याने वीस वर्षांपूर्वी खाते उघडले, त्याने जसे ऐकले तसे लिहिले. त्यात नाव-वडिलांचे नाव-आडनाव हा क्रम की आडनाव आधी, हेही ठरलेले नाही. स्त्रियांच्या बाबतीत खाते माहेरच्या नावाने की सासरच्या, हा आणखी एक फाटा. जन्मतारीख तर बहुतेक अंदाजाची, १ जानेवारी किंवा १ जुलै. म्हणून एकदा शोधून थांबू नये. आडनावाच्या प्रत्येक संभाव्य लिखाणाने, दोन्ही क्रमांनी, आणि आधी जन्मतारखेऐवजी मतदार ओळखपत्राने शोधावे. प्रत्येक शाखेकडे तिच्या दाव्याविना ठेवींची यादी असते. ती आपण देवनागरीत, खातेदाराच्या गावासह ग्रामपंचायतीत पाठवली, तर हा सगळा इंग्रजीचा खेळ संपतो. गावातल्या माणसाला वाचून लगेच कळते की हा आपल्या वाड्यावरचा कोण.

दुसरा घोळ बँकांच्या बदललेल्या नावांचा. ट्रंकेतून ‘यवतमाळ ग्रामीण बँक’ छापलेले पासबुक निघते आणि त्या नावाची पाटी आता कुठेच नसते. यवतमाळ, अकोला आणि बुलडाणा ग्रामीण बँका एकत्र होऊन विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक झाली. ती २०१३ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत गेली. विदर्भ कोकण १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. त्यामुळे ते पासबुक घेऊन जायचे महाराष्ट्र ग्रामीण बँकेच्या शाखेत. तसेच देना बँकेचे पासबुक बँक ऑफ बडोदात, अलाहाबाद बँकेचे इंडियन बँकेत, सिंडिकेटचे कॅनरात. प्रत्येक तहसील आणि पंचायत समितीत ‘जुनी बँक, आताची बँक, तालुक्यातली शाखा’ असा एक तक्ता लावायला एक कागद पुरतो.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचा प्रश्न त्याहून कठीण. कापूस, तूर, धानाचे चुकारे आणि पीककर्ज वर्षानुवर्षे याच बँकांतून आले, म्हणजे शेतकऱ्याचे विसरलेले खाते असण्याची शक्यता तिथेच जास्त. त्यांच्या जुन्या ठेवीही रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण उद्गमवरच्या त्या ३० बँकांत जिल्हा बँका नाहीत. त्यांच्या याद्या आपणच मागवाव्यात. सेवा सहकारी सोसायटीत कर्जातून कापलेले भागभांडवल सभासदाच्या मृत्यूनंतर वारसाला मागता येते. गटसचिवांकडून मृत सभासदांची यादी घेतली तर तेही निघेल. पतसंस्थेतल्या ठेवी मात्र यापैकी कशातच येत नाहीत. त्यांना पाच लाखांचे ठेव विमा संरक्षणही नाही आणि तिथला दावा सहकार खात्याच्या निबंधकांकडे जातो.

वारसांच्या दाव्याबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश दिले. बँकांनी ते उशिरात उशिरा ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायचे होते. नामनिर्देशन असेल तर मृत्यूचा दाखला, ठरलेला अर्ज आणि ओळखपत्र पुरते. नामनिर्देशन नसेल आणि वाद नसेल, तर सहकारी बँकेत पाच लाख आणि इतर बँकांत पंधरा लाखांपर्यंत न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचे नाही. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, नाहीतर बँकेने भरपाई द्यायची. तरीही ‘कोर्टातून सक्सेशन आणा’ हे वाक्य ऐकू येतेच. चाळीस हजारांसाठी न्यायालयाची पायरी चढायला लावणे म्हणजे त्या वारसाला पैसे सोडून द्यायला सांगणेच होय. जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या पुढच्या बैठकीत हा एक मुद्दा घ्यावा आणि प्रत्येक शाखेत ही मर्यादा मराठीत भिंतीवर लावायला सांगावी. १ ऑक्टोबर २०२५ ते ३० सप्टेंबर २०२६ या काळात निष्क्रिय खाती आणि जुन्या ठेवी निकाली काढणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने प्रोत्साहन रक्कमही देऊ केली. बँकेला अर्ज घ्यायला कंटाळा करण्याचे कारण उरले नाही.

पोस्टाचे थोडक्यात. मुदत संपून तीन वर्षे झाली आणि पैसे काढले नाहीत तर अल्पबचतीचे खाते गोठवले जाते. जुलै २०२५ च्या आदेशानुसार हे काम वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून होते. किसान विकास पत्र, आवर्ती ठेव, राष्ट्रीय बचत पत्र सगळे त्यात आले. गोठवले म्हणजे बुडाले नाही. पासबुक किंवा प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि खाते बंद करण्याचा अर्ज दिला की रक्कम बँक किंवा पोस्टाच्या खात्यात जमा होते. किसान विकास पत्र घडीवर फाटते, क्रमांक वाचता येत नाही. अशा वेळी ते चिकटपट्टीने जोडू नये, तसेच पोस्टात न्यावे.

सध्या गावात सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र अनुदानाचा असतो. अतिवृष्टीची मदत यादीत आली, विशिष्ट क्रमांक मिळाला, ई-केवायसी झाली, पोर्टल म्हणते पैसे जमा, आणि खात्यात काहीच नाही. बहुतेक वेळा पैसे गेलेले असतात, फक्त दुसऱ्या खात्यात. आधारवर आधारित रक्कम पासबुक दिलेल्या खात्यात जात नाही. ज्या बँकेशी आधार सर्वांत शेवटी जोडला, तिथे जाते. कधीतरी शिबिरात अंगठा लावून उघडलेले जनधन किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते माणूस विसरून जातो आणि अनुदान तिकडे साचत राहते. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ या जागी आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते. आधी तिथे पाहावे, मग तहसिलीत तक्रार करावी. आपल्या सेतू केंद्रांनी अनुदानाची प्रत्येक तक्रार घेण्याआधी हीच तपासणी केली तर तक्रारींचा गठ्ठा निम्म्याने उतरेल. बोटांचे ठसे न जुळल्याने किंवा माणूस वारल्याने केवायसी अडलेल्यांची यादी मात्र पटवाऱ्याकडे वेगळी असावी, कारण ती अडचण केंद्रचालकाला सोडवता येत नाही.

अशा ठिकाणी दलाल येतोच. ‘सरकारी निधीत तुझ्या आजोबाचे पैसे सापडले, दहा टक्के दे’ असे म्हणत फिरणारे लोक आहेत. ते याद्या बघूनच येतात. याद्या प्रसिद्ध करू नयेत असे यातून कुणी काढू नये. उलट, यादी फक्त त्यांनाच दिसते म्हणून त्यांचे फावते. यादीत नाव, गाव आणि संदर्भ क्रमांक असावा, रक्कम आणि खाते क्रमांक नसावा. शोध आणि दावा दोन्ही मोफत आहेत आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, हे यादीच्या खालीच छापावे.

शेवटची विनंती साधी आहे. दर महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवशी तहसील कार्यालयात एक टेबल लावा. त्यावर उपकोषागाराचा एक कर्मचारी, तहसिलीतला ठेवी पाहणारा लिपिक, अग्रणी बँकेचा एक माणूस आणि पोस्टाचा एक. माणूस जे काही घेऊन येईल, चलन, पासबुक, फाटलेले पत्र, पेन्शनचा आदेश, ते तिथेच पाहून कुणाकडे जायचे आणि कोणता कागद कमी आहे हे लिहून द्यावे. तोंडी सांगू नये. अर्ज घेतला तर तारीख आणि शिक्क्यासह पोच द्यावी. पोच नसली की माणूस पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुढच्या टेबलाच्या दिवशी आधी मागच्या महिन्यातल्या पोचपावत्या निकाली काढाव्यात आणि मग नवे अर्ज घ्यावेत. पहिले टेबल डिसेंबरमध्ये लागले तर त्या मार्चला व्यपगत होणाऱ्या ठेवींसाठी चार बाजार हाताशी राहतील.

आपले विश्वासू,
विदर्भातल्या गावांत पेन्शन, ठेवी व मोबदल्याचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते